अंगावरचं दूध तोडायचंय: दूध आटवायला घरगुती उपाय काय करावेत?

रंकाळाकाठ

नमस्कार. लेक दीड वर्षाची आहे. भाकरी-आमटी, भात, केळं, अंडं सगळं खाते, पण तीन-चारदा अंगावर पितेच. सकाळी उठल्यावर, मी कामावरून आले की, झोपताना आणि मग रात्री मध्येच कधीतरी. आता मला हे थांबवायचं आहे. अजून चालू ठेव असं कृपया कुणी सांगू नका. तो विचार घरात बसून आणि बालरोगतज्ज्ञांशी बोलून झालाय.

प्रश्न माझ्या अंगाचा आहे. संध्याकाळचं आणि झोपतानाचं पाजणं एकदमच बंद करून बघितलं, तर रात्री जेवायच्या वेळेपर्यंत छाती टणक झाली, हात लावू देईना. काखेपर्यंत ठणका. लेक नुसती दुसऱ्या खोलीत रडली तरी पान्हा फुटून ब्लाऊज भिजलं. शेवटी पाजलंच.

गोळी घ्यायची इच्छा नाही. घरातल्या बायका उपाय सांगतात ते असे: आई म्हणते मोगऱ्याची फुलं बांध. शेजारच्या काकू म्हणतात कोबीची पानं ठेव. सासूबाई म्हणतात कडुनिंबाचा पाला वाटून लाव, दोन दिवसांत पोरगी स्वतःच तोंड फिरवेल. चुलत सासूबाई म्हणतात फडक्यानं घट्ट आवळून बांध आणि चार दिवस माहेरी जा, पोरगीला इथं ठेव. सगळ्या मायेनंच सांगतात. पण यातलं खरंच काय उपयोगी पडतं, आणि कशानं त्रास वाढतो? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा.

शाहूपुरीची_वहिनी

कोबीचं मी सांगते, कारण मी केलंय.

लक्ष्मीपुरी मंडईतून घट्ट गड्डा आणायचा. बाहेरची एक-दोन पानं टाकून द्यायची, त्यावर फवारणी असते. आतली मोठी पानं मिठाच्या पाण्यात धुवून, पुसून, डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायची. लावताना मधली जाड शीर लाटण्यानं हलकी ठेचायची म्हणजे पान अंगाला बसतं, नाहीतर ते खुपतं. बोंडाच्या जागी कात्रीनं गोल कापून घ्यायचं, बोंड मोकळं राहिलं पाहिजे. मग ब्रामध्ये ठेवायचं आणि मऊ पडलं की काढून टाकायचं. साधारण वीस मिनिटांत ते कोमेजतं, कारण छाती तेव्हा तापलेली असते. बोंडाला चीर असेल, कातडी सोलली असेल तर लावू नको.

पहिलं पान ठेवलं तेव्हा हायसं वाटलं, खरं सांगते. वास मात्र येतो, उकडलेल्या कोबीचा. जुना पंचा वर घालायचा.

पण त्यानं दूध आटलं असं मी म्हणणार नाही. ठणका कमी झाला. दूध आटलं ते पाजणं कमी केल्यानं.

मोगऱ्याची_वेणी

माझं माहेर गडहिंग्लजकडं, कर्नाटक जवळ, त्यामुळं मोगऱ्याचा उपाय आमच्याकडं सगळ्या बायकांना ठाऊक. ताज्या मोगऱ्याची दाट वेणी घ्यायची आणि ब्राच्या आत दोन्ही बाजूंना गोलाकार ठेवायची. फुलं सुकली की बदलायची. माझ्या आईनं केलं, मीही केलं.

रंकाळाकाठ ताई, हे नुसतं आजीबाईचं सांगणं नाही. १९८८ साली वेल्लोरच्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला होता. बाळंतपणानंतर ज्या बायकांचं दूध बंद करायची गरज होती, त्यातल्या काहींना मोगऱ्याची फुलं चिकटपट्टीनं छातीवर लावली आणि काहींना ब्रोमोक्रिप्टिनच्या गोळ्या दिल्या. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन दोन्हींत खाली आलं. गोळीनं जास्त आलं, पण दूध कमी होण्यात फुलंही मागं नव्हती. अभ्यास छोटाच होता, आणि त्या बायका नुकत्याच बाळंत झालेल्या होत्या, दीड वर्ष पाजलेल्या नव्हेत. तरी आपल्या आज्यांनी जे जपलं त्याची कुणीतरी नीट परीक्षा घेतली, याचं मला फार बरं वाटलं होतं.

आत्ता हंगाम आहे, अंबाबाईच्या देवळाबाहेर गजरे मिळतात. मात्र गजऱ्यावर शिंपडलेलं पाणी कुठलं असेल सांगता येत नाही, म्हणून सुटी कळी-फुलं घेऊन घरी धुवून ओवलेली बरी. आणि लेकीला जवळ घेण्याआधी काढून, छाती पुसून घे. फुलं तिच्या तोंडात जायला नकोत.

कागलची_म्हशीवाली

पोरी, मी सांगतो बघ. मी काय शिकलेलो न्हाई, पण माझ्या दावणीला सहा म्हशी हाईत आणि तीन पोरं मी अंगावर वाढवली.

गाभण म्हैस आटवायची असती तवा आपण काय करतो? एकदम धार सोडत न्हाई. पेंड कमी करतो, दोन टायमाची धार एका टायमावर आणतो, मग एक दिवसाआड. कास भरली की ती आपोआप कमी देती. आणि घाई करून एकदम सोडली की कास सुजती, दगडी हुती, डॉक्टर बोलवाय लागतोय. बाईचं अंग बी तसंच हाय. म्हशीला आपण एवढं सांभाळून घेतो, मग सुनेला चार दिवसांत आवळून का बांधायचं?

माझ्या थोरल्या जावेला असंच बांधलंवतं. ताप चढला, छातीत पू झाला, कापाय लागलं. तवापासनं आमच्या घरात कुणाला बांधू देत न्हाई मी.

रंकाळाकाठ

मावशी, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. चुलत सासूबाईंना हेच वाचून दाखवते.

म्हणजे आधी कुठलं पाजणं सोडायचं? आणि छाती भरली की दूध काढायचं का नाही? कुणी म्हणतं काढलंस की आणखी येईल.

शिरोळची_सिस्टर

मी प्रसूती विभागात नर्स आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

दूध मागणीवर चालतं. बाळ ओढतं तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करायला लावतं आणि ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलतं, ज्याला आपण पान्हा म्हणतो. नुसत्या रडण्याच्या आवाजानंही ऑक्सिटोसिन सुटतं, म्हणून ब्लाऊज भिजलं. उलट दूध स्तनात साठून राहिलं की आतला दाब आणि त्याच दुधातले काही घटक पेशींना सांगतात, आता कमी करा. म्हशीवाल्या मावशींनी सांगितलं ते शास्त्राला धरून आहे.

म्हणून "काढलंस की येईल" हे अर्धं खरं आहे. सगळं रिकामं केलंस तर अंगाला वाटतं गरज अजून आहे, आणि पुन्हा तेवढंच तयार होतं. पण अजिबातच काढलं नाहीस आणि ठणका सहन करत राहिलीस तर सूज येते, नळ्या दबतात, गाठी होतात. मधला मार्ग असा की दुखायला लागलं की हातानं फक्त हलकं वाटेपर्यंत काढायचं. धार पूर्ण थांबेपर्यंत नाही. वाटीभर नाही, बऱ्याचदा चमचा-दोन चमचे पुरतं. दर वेळी थोडं कमी काढायचं, आणि दोन वेळांमधलं अंतर वाढवत न्यायचं. पंप असेल तर शक्यतो बाजूला ठेव, त्यानं नकळत जास्त निघतं.

आता क्रम. जे पाजणं लेकीला सगळ्यात कमी हवंसं वाटतं ते आधी सोडायचं. बहुतेक मुलांचं ते दिवसातलं असतं. तुझ्याकडे कामावरून आल्यावरचं असेल. एक सोडलं की तीन-चार दिवस थांब, वाटलं तर आठवडाभर. छाती नेहमीसारखी मऊ झाली की मगच पुढचं. झोपतानाचं आणि रात्रीचं सगळ्यात शेवटी. तू एका संध्याकाळी दोन वेळचं बंद केलंस म्हणून एवढा ठणका बसला.

थंड शेक दे, गरम नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी, पंधरा-वीस मिनिटं. आपल्याकडं सवयीनं गरम पाण्याचे तांबे छातीवर घेतात, त्यानं पान्हा आणखी सुटतो. आंघोळ करताना पाठ पाण्याकडं कर. ब्रा आधार देणारी हवी, पण तार नसलेली आणि वळ न उठवणारी. आवळून बांधणं नको म्हणजे नकोच.

गाठ लागली तर ती जोरानं चोळून फोडायला जाऊ नको. घरातली एखादी काकू तेल घेऊन बसते आणि अंगठ्यानं दाबत राहते, त्यानं आतली सूज वाढते. हलक्या हातानं काखेच्या दिशेनं कुरवाळल्यासारखं केलं तर चालतं, त्यापेक्षा जास्त नाही.

दुखणं सहन होत नसेल तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन पाजणाऱ्या आईला चालतं. पित्ताचा, अल्सरचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको.

आणि हे लक्षात ठेव: १०१ च्या वर ताप, थंडी वाजणं, छातीवर लाल तापलेला पट्टा, अंग मोडून येणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. अशा वेळी दूध तोडण्याची घाईही थांबवायची, कारण साठलेलं तसंच अडकून राहिलं तर गळू होतं. वेळेवर अँटिबायोटिक मिळालं तर कापायची वेळ सहसा येत नाही.

कसबा_बावड्याची

पाणी कमी प्यायचं का? मला सासूनं सांगितलंवतं, आणि ताक, पेज सगळं बंद केलंवतं.

शिरोळची_सिस्टर

नाही. पाणी कमी केल्यानं दूध थांबत नाही, तुझं अंग मात्र सुकतं. डोकं दुखतं, शौचाला कडक होतं. या उन्हाळ्यात तर मुळीच नको. तहान लागेल तेवढं पी.

दूध वाढावं म्हणून जे मुद्दाम खात होतीस ते बंद केलंस तरी पुरे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी कल्प, मेथीचे लाडू. भाजीत मेथी आली तर काही बिघडत नाही.

मोगऱ्याची_वेणी

सिस्टर, कापराचं तेल लावतात काही जणी. आणि ऑनलाइन सेज नावाच्या पानांचा चहा, ब-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या असं वाचलं. त्याचं काय?

शिरोळची_सिस्टर

कापूर नको. कातडीतून शोषला जातो आणि मुलाच्या पोटात गेला तर फिट येऊ शकते. अंगावर पिणारं मूल घरात असताना छातीला कापूर लावायचाच नाही.

सेज युरोपातल्या बायका पूर्वीपासून घेतात, पण भरवशाचा पुरावा फारसा नाही, आणि त्यात थुजोन नावाचा घटक असतो, जास्त झाला तर फिटचा धोका. आपल्या स्वयंपाकघरातली ती वस्तूही नाही. मुद्दाम मागवून पिण्यासारखं मला त्यात काही दिसत नाही.

ब-६ चे जुने प्रयोग आहेत, काहींत उपयोग दिसला, काहींत दिसला नाही. मोठ्या मात्रेत बराच काळ घेतलं तर हातापायाच्या नसा बधिर होतात. स्वतःच्या मनानं घेऊ नये.

सर्दीच्या काही गोळ्यांमधलं स्युडोएफेड्रिन दूध कमी करतं हेही खरं. पण त्यानं छातीत धडधड होते, झोप उडते, रक्तदाब वाढतो. त्यासाठी म्हणून मेडिकलमधून आणून घ्यायचं औषध ते नव्हे.

जुना_राजवाडा

कडुनिंबाबद्दल कुणीच काही का बोलत नाही? माझ्या दोन्ही मुलांचं असंच सुटलं. पाला वाटला, लावला, पोरानं चाटून तोंड वाकडं केलं, दोन दिवस रडलं, विसरलं. औषध नाही, गोळी नाही. आमच्या पिढीत बाईला शेतात, कारखान्यात जायचं असायचं, सहा आठवडे हळूहळू करत बसायला वेळ कुणाला होता?

शाहूपुरीची_वहिनी

काकू, तुमच्या पिढीवर बोट नाही. वेळ नव्हता हे अगदी खरं, आणि एकट्या बाईवर सगळं होतं.

पण दोन गोष्टी सांगते. एक, पाल्यानं मूल थांबतं, आईचं दूध थांबत नाही. मूल एकदम तोंड फिरवतं आणि इकडं छाती भरत राहते, म्हणजे ताईचा जो प्रश्न आहे तोच दुप्पट होतो. दुसरं, जे मूल दीड वर्ष घाबरलं की, पडलं की, झोप आली की तिथंच शिरतं, त्याला तीच जागा एका दुपारी कडू लागते. माझ्या पुतणीच्या मुलानं नंतर कितीतरी दिवस आईच्या कुशीतही डोकं टेकवलं नाही. लांबूनच बघायचा. मला ते बघवत नव्हतं.

जुना_राजवाडा

हे मात्र मनाला लागलं. माझा धाकटा नंतर आज्जीकडंच झोपायचा, ते यामुळं असेल असं कधी वाटलं नव्हतं. तरी पाला लावून मुलाच्या पोटाला काही झालं नाही एवढं सांगते.

शिरोळची_सिस्टर

कडुनिंबाची चार पानं चाटून सहसा काही होत नाही, पण कडुनिंबाचं तेल कधीच नको, लहान मुलाच्या पोटात गेलं तर घातक आहे. कोरफडीचा गर लावतात तेव्हा सालीलगतचा पिवळा चीक सोबत येतो, त्यानं जुलाब होतात. आणि लाल तिखट लावणारी घरं मी स्वतः पाहिली आहेत. आपलं कोल्हापुरी तिखट, कातडी फुटलेलं बोंड आणि मुलाचं तोंड, डोळे. कृपा करून कुणीही करू नका.

दीड वर्षाच्या मुलाला सांगून कळतं. "आता दुदू रात्रीच" असं दोन-तीन दिवस आधीपासून सांगत राहायचं. मागितलं नाही तर आपणहून द्यायचं नाही, मागितलं तर झिडकारायचं नाही, थोडं लांबवायचं. नेहमी ज्या खुर्चीत, ज्या कोपऱ्यात बसून पाजतेस तिथं त्या वेळी बसायचंच नाही.

राजारामपुरीचा_बाबा

पुरुषानं इथं लिहावं का कळत नव्हतं, पण रात्रीचं पाजणं आमच्याकडं मीच सोडवलं म्हणून लिहितो.

मिसेसना पलंगाच्या पलीकडं किंवा दुसऱ्या खोलीत झोपवलं आणि मुलाशेजारी मी झोपलो. तो उठला की आधी पाठीवर हात, मग पाणी, मग कडेवर घेऊन गच्चीत. पहिल्या रात्री खूप रडला आणि मिसेस पलीकडं रडत होती, तिची छातीही भरली होती. मी तिला म्हटलं, तू फक्त गार घडी ठेव आणि पडून राहा, मी आहे. काही रात्रींनी तो उठून पाणी मागायला लागला, आणि मग उठायचाच बंद झाला.

सांगायचं एवढंच की घरातल्या बाप्यानं हे आपलं काम समजून घ्यावं. आईच्या अंगाला वास येतो दुधाचा, ती शेजारी असताना मूल शांत राहणं अवघड आहे. रंकाळाकाठ ताई, दाजींना हा धागा वाचायला द्या. आणि माहेरी जाण्याचं म्हणाल तर एकदम चार दिवस नाहीसं होऊ नका. आई आणि दूध दोन्ही एकाच दिवशी गेलं तर मुलाला काय वाटत असेल.

रंकाळाकाठ

दादा, दिला. रात्री ते उठतो म्हणालेत.

संध्याकाळच्या पाजण्याच्या वेळी आता ते लेकीला रंकाळ्यावर घेऊन जातात, बदकं दाखवायला. मी आले की सरळ तिकडंच जाते आणि मग तिथं ती मागतच नाही. कोबी एकदा ठेवला, बरं वाटलं. मोगरा मात्र मनापासून आवडला. आईनं स्वतः ओवून आणला. दूध किती कमी झालं त्यानं माहीत नाही, पण त्या वासानं इतक्या दिवसांनी स्वतःकडं लक्ष गेल्यासारखं वाटलं.

दूध बंद झालं की वरचं किती द्यायचं? आमच्याकडं गंगावेशीतून धारोष्ण आणायची पद्धत आहे.

शिरोळची_सिस्टर

दूध कट्ट्यावर उभं राहून पिण्याची हौस मोठ्यांची. लेकीला धारोष्ण नको, उकळी येऊ दे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षय असे आजार येऊ शकतात. दिवसाला ३०० ते ४०० मिली दूध तिला पुष्कळ झालं, दही-ताक त्यात धरूनच. त्याहून जास्त दिलं की भूक मरते आणि लोह कमी पडतं. बाटलीत नको, पेल्यानं दे.

इतर कुणी वाचत असेल तर एक वर्षाच्या आतल्या बाळाचं गणित वेगळं आहे. त्याला गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून चालत नाही, डॉक्टरांना विचारूनच तोडायचं.

भुदरगडची

मी बराच वेळ वाचत होते. माझा प्रश्न इथं बसतो का माहीत नाही. माझ्या जावेचं बाळ जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी गेलं. आज तिची छाती भरून वाहतेय. बाळ नाही आणि दूध येतंय. ती बघते आणि किंचाळते. तिला हळूहळू तोड असं कसं सांगू?

शिरोळची_सिस्टर

ताई, तुझा प्रश्न इथंच बसतो. फार वाईट झालं. तिला सांग की यात तिच्या अंगाचा काही दोष नाही. वार पडली की अंगाला दूध करायची आज्ञा मिळते आणि दुसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरते, बाळ असो नसो.

तिच्यासाठी गोळीचा विचार करणं अगदी योग्य आहे. कॅबरगोलिन नावाची गोळी प्रोलॅक्टिन खाली आणते, प्रसूतीतज्ज्ञ ती अशा वेळी देतात. आजच जिथं बाळंतपण झालं तिथं फोन करून विचार. तिचा रक्तदाब वाढला होता का, हृदयाच्या झडपेचा त्रास आहे का, पूर्वी मानसिक आजार होता का, हे डॉक्टरांना न विसरता सांग, कारण अशांना ती देत नाहीत. मळमळ, चक्कर येऊ शकते. ब्रोमोक्रिप्टिन मात्र या कामासाठी आता टाळतात. पक्षाघात, फिट, हृदयविकाराच्या घटनांमुळं अमेरिकेत १९९० च्या दशकात या वापरासाठीची त्याची परवानगी गेली.

गोळी घेतली नाही तरी चालतं. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कठीण, मग ओसरत जातं. गार घडी, कोबी, मोगरा, पॅरासिटामॉल, आधाराची ब्रा, आणि असह्य झालं तरच थोडं काढणं. तिला एकटी ठेवू नका. अंघोळीला गेली तरी कुणीतरी दाराशी असा.

काही आयांना उलट वाटतं, हे दूध वाया जाऊ नये. तसं तिला स्वतःला वाटलं तर मानवी दूध पेढी असते. आशियातली पहिली मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झाली, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते दूध देतात. पण तिनं विचारल्याशिवाय कुणी सुचवू नका.

कागलची_म्हशीवाली

भुदरगडच्या पोरी, तुझ्या जावंला जवळ घे. रडू दे तिला. गप बस म्हणू नगा कुणी.

भुदरगडची

डॉक्टरांशी बोलले. बोलावलंय आज. मोगरा आणते वाटेत. तुमचे सगळ्यांचे आभार.

उंबरठा

मूल मोठं झाल्यावर दूध तोडलेल्यांनाही थोडं सांगावंसं वाटतं. माझं दूध सुटलं तसं मला काही कारण नसताना भरून यायचं. भाकरी थापता थापता रडायला यायचं. वाटायचं मुलाला तोडलं म्हणून पाप लागलं. नंतर डॉक्टर बाईंनी सांगितलं की प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन खाली येतात तेव्हा कित्येकींचं मन असं खाली जातं, आणि एकदम तोडलं तर जास्त. माझं आपोआप निवळलं. पण दोन आठवड्यांनीही उठावंसं, जेवावंसं वाटत नसेल तर दाखवून यायचं, लाज धरायची नाही.

पाळी अनियमित असेल किंवा आली नसेल तर आता ती केव्हाही सुरू होईल, आणि पाळी यायच्या आधीच दिवस राहू शकतात. अंगावर पाजतेय म्हणून बिनघोर असणाऱ्यांनी साधनाचं आधीच विचारून घ्या.

रंकाळाकाठ

उंबरठा ताई, परवा असंच झालं. तिची लहानपणीची दुपटी घडी घालताना. आता कळलं का ते.

सध्या फक्त सकाळचं राहिलंय. छाती मऊ आहे, ठणका नाही. पण डाव्या बाजूला बाहेरच्या अंगाला वाटाण्याएवढी गाठ लागते, दुखत नाही. आणि दाबलं तर थेंब येतो. हे कधी जाणार?

शिरोळची_सिस्टर

थेंब कित्येक आठवडे, काहींना महिनोन्‌महिने येतो. येतोय का म्हणून रोज दाबून बघू नको, त्यानंच येत राहतो. रक्ताळ आला, किंवा न दाबता एकाच बाजूनं येत राहिला तर दाखव.

गाठ बहुतेक साठलेल्या दुधाची असेल. गार घडी ठेव, चोळू नको, सकाळी लेकीला आधी त्या बाजूला घे. दोन-चार दिवसांत विरघळली नाही तर थेट जाऊन तपासून घे, सोनोग्राफीत लगेच कळतं. सीपीआर या सरकारी दवाखान्यात गेलीस तर सकाळी लवकर जा, केसपेपरला रांग असते.